अभियंत्यांचं इंग्रजी: तास एकीकडे, प्रयोगशाळा दुसरीकडे

महाराष्ट्रातल्या कुठल्याही इंजिनीअरिंग कॉलेजात सबमिशनच्या आठवड्यात जर्नलांचा गठ्ठा चाळला, तर प्रत्येक प्रयोगाच्या शेवटी एकाच साच्यातलं वाक्य भेटतं: ‘दस वी हॅव सक्सेसफुली स्टडीड’ आणि पुढे प्रयोगाचं नाव. शाखा बदलते, विद्यापीठ बदलतं, वाक्य बदलत नाही. व्याकरणात ते फारसं चुकलेलं नसतं. स्पेलिंगही बहुधा बरोबर असतं, कारण ते मागच्या बॅचच्या जर्नलावरून उतरवलेलं असतं. दोष वेगळाच आहे. प्रयोगातून काय हाती लागलं, हे त्या वाक्यात कुठेच नसतं.

स्थापत्य शाखेतला नेहमीचा प्रयोग घेऊ. दीडशे मिलिमीटर बाजूचे काँक्रीटचे तीन क्यूब भरायचे, २८ दिवस पाण्यात ठेवायचे, मग मशीनमध्ये दाबून फोडायचे आणि कितव्या भाराला फुटले ते टिपायचं. समजा, ‘एम २०’ दर्जाच्या काँक्रीटच्या तीन क्यूबची ताकद २५, २४ आणि १७ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर भरली. सरासरी २२. विसाच्या वर आहे, म्हणून विद्यार्थी निश्चिंत होतो आणि ते ठरलेलं वाक्य लिहून पान उलटतो. पण ‘आयएस ४५६’ या भारतीय मानकात एक अट आहे: नमुन्यातल्या एकाही क्यूबची ताकद सरासरीपासून १५ टक्क्यांहून अधिक दूर असता कामा नये. सतरा हा आकडा बाविसापासून जवळपास २३ टक्के दूर पडतो. म्हणजे सरासरी चांगली दिसत असली, तरी तो नमुनाच बाद.

आता निष्कर्षात काय लिहायला हवं? सरासरी किती आली; कोणता क्यूब किती दूर राहिला; मानकातल्या कोणत्या अटीमुळे निकाल ग्राह्य धरता येत नाही; आणि तो क्यूब भरताना काँक्रीट नीट दाबलं गेलं नसेल, किंवा मशीनमध्ये तो सरळ बसला नसेल, अशी शक्यता. चारच वाक्यं. पण त्यांत तुलना आहे, अट आहे, अटीवरून काढलेलं अनुमान आहे आणि शेवटच्या वाक्यात खात्री नसताना नेमकं किती बोलायचं याचा अंदाज आहे. ही चार वाक्यं इंग्रजीत लिहिता येणं म्हणजे तांत्रिक इंग्रजी येणं. आणि नेमकी हीच कोणी शिकवत नाही. इंग्रजीच्या शिक्षकांना १५ टक्क्यांची अट ठाऊक नसते. काँक्रीटच्या शिक्षकांना ती पाठ असते, पण वाक्य कसं बांधायचं हे शिकवणं त्यांना आपलं काम वाटत नाही. दोन विभागांच्या मधल्या त्या मोकळ्या जागेत विद्यार्थ्यांच्या पिढ्या पास होऊन गेल्या.

या जागेचा शोध जगात बराच आधी सुरू झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञान-तंत्रज्ञानाचा व्यवहार झपाट्याने इंग्रजीकडे सरकला आणि ज्यांची ती भाषा नव्हती अशा देशांतल्या विद्यापीठांपुढे प्रश्न उभा राहिला: या मुलांना नेमकं कोणतं इंग्रजी शिकवायचं? १९६२ मध्ये चार्ल्स बार्बर या भाषाभ्यासकाने वैज्ञानिक गद्याचे उतारे घेऊन त्यांतली क्रियापदं चक्क मोजली. अपूर्ण काळाची रूपं जवळपास नव्हतीच. साधा वर्तमानकाळ पानोपानी होता आणि कर्मणी रचनेचं प्रमाण सुमारे चौथ्या हिश्श्याचं होतं. शाळेत मात्र ‘आय अ‍ॅम गोइंग’वर आठवडेच्या आठवडे जातात. चिलीत सांतियागोच्या विद्यापीठात जॅक इवर आणि त्यांच्या सहकाऱ्यांना हेच दुसऱ्या बाजूने दिसलं. विज्ञानाच्या पुस्तकांत जागोजागी येणाऱ्या रचना, म्हणजे जोडनामं, कर्मणी प्रयोग, अटींची वाक्यं, इंग्रजीच्या प्रचलित पाठ्यपुस्तकांत एक तर नव्हत्या किंवा अगदी ओझरत्या होत्या. १९६९ मध्ये इवर आणि त्यांचे सहकारी लातोरे यांनी मिळून मूलभूत वैज्ञानिक इंग्रजीचं पाठ्यपुस्तकच काढलं. १९७३ नंतर तेलाचा पैसा आला, आखातात आणि इराणमध्ये तांत्रिक शिक्षणाची गरज वाढली, इंग्रजीच्या शिक्षकांना तिथे मागणी आली आणि बघता बघता ‘विशिष्ट प्रयोजनासाठी इंग्रजी’ ही स्वतंत्र विद्याशाखा झाली. १९८० पासून तिची स्वतःची संशोधनपत्रिकाही आहे.

पहिली काही वर्षं सगळा भर वाक्यावर होता. नंतर लक्षात आलं, की विद्यार्थ्याला वाक्य येतं, पण वाक्यं कोणत्या क्रमाने आणि कशासाठी मांडायची हे येत नाही. या वळणावर सर्वांत मोठं काम जॉन स्वेल्स यांचं. लिबिया, सुदान, मग इंग्लंडमधलं अ‍ॅस्टन आणि पुढे मिशिगन असा त्यांचा प्रवास. शोधनिबंधांच्या प्रास्ताविकांचा अभ्यास करून त्यांनी दाखवलं, की विषय कोणताही असो, अनुभवी लेखक साधारण तीन पावलं टाकतो. आधी क्षेत्र महत्त्वाचं का आहे ते सांगतो. मग त्या क्षेत्रात कुठे काय व्हायचं राहिलं आहे, ते दाखवतो. आणि शेवटी, ती उणीव आपण कशी भरून काढतो आहोत, ते मांडतो. १९९० च्या त्यांच्या पुस्तकानंतर ही मांडणी जगभर शिकवली जाऊ लागली.

आपल्याकडच्या बीईच्या प्रोजेक्ट रिपोर्टला ही कसोटी लावून पाहावी. ‘लिटरेचर सर्व्हे’ नावाच्या प्रकरणात दहा-पंधरा निबंधांचे सारांश ओळीने लावलेले असतात: अमक्याने हे केलं, तमक्याने ते केलं. पहिलं पाऊल असतं, दुसरं नसतं. आणि जे राहिलं आहे ते दाखवलं नसल्यामुळे, आपण हा प्रोजेक्ट का केला, हे तिसरं पाऊल हवेत तरंगत राहतं. ही उणीव काळांचे नियम पाठ करून भरून निघत नाही. त्यासाठी आधीचे निबंध एकमेकांशेजारी ठेवून वाचावे लागतात आणि ते प्रोजेक्ट गाइडच्या टेबलावरच होऊ शकतं.

भाषेच्या शिक्षकांनी विषयाच्या माणसाला सोबत घेतलं की काय हाती लागतं, याचा एक सुंदर नमुना १९८१ चा आहे. एलेन टॅरोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खगोलभौतिकीच्या दोन निबंधांतल्या कर्मणी प्रयोगाचा अभ्यास केला. सहलेखकांपैकी एक, व्हिन्सेंट इक, स्वतः खगोलशास्त्रज्ञ होते. तांत्रिक लेखनात सगळं कर्मणीच हवं, ‘आम्ही’ हा शब्द चालत नाही, असं अजूनही असंख्य वर्गांत सांगितलं जातं. या दोन निबंधांत तसं नव्हतं. त्या क्षेत्रातली रूढ पद्धत सांगताना लेखक कर्मणी प्रयोग वापरत होते. जिथे त्यांनी स्वतः वेगळा निर्णय घेतला होता, तिथे मात्र सरळ ‘आम्ही हे केलं’ असं लिहीत होते. म्हणजे व्याकरणाच्या निवडीमागे जबाबदारीची निवड होती. रूढ पद्धत कोणती आणि लेखकाचा स्वतःचा निर्णय कोणता, हे विषय जाणणाराच ओळखू शकतो. एकट्या भाषाशिक्षकाला हा भेद दिसणं कठीण होतं.

शब्दांच्या बाबतीतही हीच गोष्ट. १९५३ मध्ये मायकेल वेस्ट यांनी इंग्रजीतल्या नेहमी लागणाऱ्या शब्दांची प्रसिद्ध यादी केली. या वेस्ट यांची उमेदवारी ढाक्यात झाली होती आणि बंगालमधल्या मुलांना इंग्रजी वाचायला कसं शिकवावं, या प्रश्नातून त्यांचं काम उभं राहिलं होतं. २००० मध्ये न्यूझीलंडच्या अ‍ॅव्हरिल कॉक्सहेड यांनी त्यापुढची पायरी म्हणून ५७० शब्दकुलांची शैक्षणिक यादी दिली. शैक्षणिक मजकुरातला सुमारे दहा टक्के भाग तिच्यात सापडतो. आपल्याकडच्या अनेक स्पर्धापरीक्षांच्या आणि परदेशी जाण्याच्या तयारीत ही यादी घोकली जाते. पण ती ज्या मजकुरावरून केली, तो कला, वाणिज्य, विधी आणि विज्ञान या चार शाखांचा होता. अभियांत्रिकी त्यात नव्हती.

म्हणूनच थायलंडमध्ये शिकवणाऱ्या जेरेमी वॉर्ड यांचं २००९ चं काम आपल्या दृष्टीने जास्त मोलाचं आहे. त्यांचे विद्यार्थी पहिल्या वर्षाच्या इंजिनीअरिंगचे होते, इंग्रजी कच्चं होतं आणि इंग्रजी पाठ्यपुस्तकांशी रोज झटापट होती. हे वर्णन वाशीम किंवा गडचिरोलीहून पुण्याला आलेल्या मुलांनाही तंतोतंत लागू पडतं. वॉर्ड यांनी वेगवेगळ्या शाखांची पाठ्यपुस्तकं एकत्र करून अवघ्या २९९ शब्दांची यादी काढली. सिस्टिम, इक्वेशन, व्हॅल्यू, फ्लो अशा शब्दांची. पुस्तकात जे रूप येतं तेच त्यांनी यादीत ठेवलं. मूळ धातू देऊन बाकीची रूपं मुलांच्या गळ्यात टाकली नाहीत. एवढ्या छोट्या यादीने पुस्तकातला सुमारे सहावा भाग कव्हर होतो. दोनशे नव्याण्णव शब्द एका सेमिस्टरमध्ये पक्के होऊ शकतात. हजारो शब्दांच्या ‘व्होकॅब’ पुस्तकांखाली दबलेल्या मुलाला हे कोणीतरी सांगायला हवं.

आपल्याकडची गोष्ट मात्र वेगळ्या वाटेने गेली आणि ती सुरुवातीपासून सांगण्यासारखी आहे. मुंबईत १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस यांनी इंजिनीअरिंग शिकवणारी संस्था चालवली. तिथलं शिकवणं मराठी आणि गुजरातीत होतं आणि त्यासाठी गणिताची पुस्तकं मराठीत तयार केली गेली. १८४० च्या दशकात बोर्ड ऑफ एज्युकेशनमध्ये माध्यमाचा वाद पेटला, तेव्हाही जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूने ठाम उभे होते. अध्यक्ष सर अर्स्किन पेरी इंग्रजीच्या. उच्च शिक्षणात पेरींची वाट कायम झाली. पुण्यात १८५४ मध्ये निघालेल्या इंजिनीअरिंग वर्गाचं पुढे कॉलेज झालं, आज ते सीओईपी तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे. विद्यापीठाची पदवी आली तशी तिची भाषाही इंग्रजीच राहिली. दीडशेहून जास्त वर्षं इंजिनीअरिंग इंग्रजीत शिकवलं गेलं, पण इंजिनीअरिंगचं इंग्रजी हा कुणाच्याच जबाबदारीचा विषय झाला नाही.

भाषाशिक्षणात देशाने काही केलं नाही असं नाही. हैदराबादला १९५८ मध्ये इंग्रजीची केंद्रीय संस्था उभी राहिली. १९७९ ते १९८४ या काळात एन. एस. प्रभू यांनी दक्षिण भारतातल्या शाळांत जो प्रयोग केला, तो ‘बंगळूर प्रकल्प’ म्हणून जगभरच्या भाषाशिक्षणाच्या पुस्तकांत पोचला. व्याकरण समोर न ठेवता रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टींवर विचार करायला लावणारी कामं द्यायची. भाषा त्या कामाच्या ओघात येते, हे त्याचं सूत्र. यंत्राचं रेखाचित्र, सर्किट, लोड टेबल अशी कामं तर इंजिनीअरिंगच्या वर्गात आयती पडलेली आहेत. प्रभूंची कल्पना जिथे सर्वांत सहज रुजली असती, तिथे ती पोचलीच नाही.

त्याऐवजी आलं ते ‘कम्युनिकेशन स्किल्स’. नव्वदच्या दशकाअखेर सॉफ्टवेअर कंपन्या कॅम्पसवर येऊ लागल्या. २००५ मध्ये नॅसकॉम आणि मॅकिन्झी यांच्या अहवालाने सांगितलं, की देशातल्या इंजिनीअरिंग पदवीधरांपैकी साधारण चारातला एकच या उद्योगात थेट घेण्याजोगा आहे. या आकड्याची कॉलेजांनी धास्ती घेतली. हेडफोन लावलेल्या कंप्युटरच्या रांगांची लँग्वेज लॅब उभी राहिली. ग्रुप डिस्कशन, मुलाखत, रेझ्युमे, देहबोली यांना तास मिळाले. या गोष्टी निरुपयोगी नाहीत. खेड्यातून आलेल्या मुलीला मुलाखतीत मान वर करून बोलण्याचं बळ त्यांनी दिलं, हे मान्यच करायला हवं. पण नोकरी मिळण्याच्या पंधरा मिनिटांसाठी भाषा शिकवली गेली आणि पुढच्या तीस वर्षांच्या कामासाठीची भाषा राहूनच गेली.

आजचे अभ्यासक्रम पाहिले तर हेच ठसठशीत दिसतं. अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने २०१८ मध्ये पदवीसाठी आदर्श अभ्यासक्रम जाहीर केला. एकूण १६० श्रेयांकांपैकी इंग्रजीचे ३. पहिल्या वर्षात आठवड्याला दोन तास व्याख्यान आणि दोन तास प्रात्यक्षिक. आशय असा: शब्दसंपत्ती, मूलभूत लेखन, नेहमीच्या चुका, लेखनशैली, निबंध आणि सारांश, संभाषण. यात चूक काही नाही. पण यादी वाचून हा विषय इंजिनीअरिंगच्या विद्यार्थ्यासाठी आहे की वाणिज्याच्या, हे ओळखता येणार नाही. मुंबई विद्यापीठाच्या २०१९ च्या आराखड्यात व्यावसायिक संवाद आणि नीतिमत्ता हा विषय दोन टप्प्यांत, दुसऱ्या आणि पाचव्या सेमिस्टरला येतो. तिसऱ्या वर्षापर्यंत एक टप्पा पुढे नेणं ही त्यातली खरी सुधारणा आहे, कारण त्या वयात मुलांच्या हातात लिहिण्याजोगं काहीतरी आलेलं असतं. पहिल्या वर्षी अहवाललेखन शिकवलं, तरी अहवाल कशाचा लिहायचा?

इथे एका गैरसमजाकडे वळायला हवं, कारण त्याने फार नुकसान केलं आहे. अवजड इंग्रजी म्हणजे तांत्रिक इंग्रजी, असं अनेक विद्यार्थ्यांना आणि काही शिक्षकांनाही वाटतं. विमानउद्योगाचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. विमानाची देखभाल करणारे तंत्रज्ञ जगभर पसरलेले आणि त्यांच्यातल्या बहुतेकांची मातृभाषा इंग्रजी नाही. दुरुस्तीच्या पुस्तकातलं वाक्य चुकीचं समजलं, तर विमान पडू शकतं. म्हणून युरोपातल्या विमान उत्पादकांच्या संघटनेने १९८० च्या दशकात सोप्या तांत्रिक इंग्रजीचे नियम तयार केले. आज ते ‘एएसडी-एसटीई १००’ या नावाने ओळखले जातात. सुमारे नऊशे मान्य शब्द आणि त्यांत प्रत्येक कंपनीने आपली तांत्रिक नावं घालायची. शक्यतो एका शब्दाला एकच अर्थ. सूचनेचं वाक्य २० शब्दांच्या आत, वर्णनाचं २५ च्या आत. एका वाक्यात एकच सूचना. हे नियम पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर लावावेत इतके उपयोगी आहेत. लेथ सुरू करण्याची रीत या नियमांत बसवून लिहायला सांगितली, तर अर्ध्या तासात पानभर तांत्रिक इंग्रजी शिकून होतं आणि सुरक्षेचे नियमही डोक्यात बसतात.

मराठीतून आलेल्या मुलांच्या काही अडचणी खास आहेत. ‘अ’, ‘अ‍ॅन’, ‘द’ ही उपपदं मराठीत नाहीत, त्यामुळे ती कुठे घालायची याचा अंदाज वर्षानुवर्षं येत नाही. मराठीचं क्रियापद वाक्याच्या शेवटी, इंग्रजीचं कर्त्यालगत. त्यामुळे या मुलांच्या लांब इंग्रजी वाक्यात कर्ता एकीकडे आणि क्रियापद पाच ओळींनी भेटतं. पण एका ठिकाणी मराठी मुलाला मोठा फायदा आहे आणि तो वर्गात कधी सांगितला जात नाही. ‘हाय स्ट्रेंग्थ फ्रिक्शन ग्रिप बोल्ट’ किंवा ‘प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट बॉक्स गर्डर’ अशा नामांच्या माळा पुस्तकात आल्या, की मुलं बिचकतात. त्या शेवटून उलगडतात: मुळात तो बोल्ट आहे, कसला, तर पकडीचा, पकड कशाने, तर घर्षणाने. मराठीतला तत्पुरुष समास असाच चालतो. मराठीच्या तासाला शिकलेलं व्याकरण इथे थेट कामाला येतं, फक्त दोन्ही भाषा शेजारी ठेवून दाखवणारं कोणी हवं.

दोन भाषा शेजारी ठेवण्याचा हा मुद्दा सध्याच्या मोठ्या वादाशी जोडलेला आहे. महाराष्ट्रात २००० पासून पहिलीपासून इंग्रजी आलं, सेमी-इंग्रजीचे वर्ग गावोगाव निघाले, तरी अकरावी विज्ञानाला अचानक सगळं इंग्रजीत आल्यावर दहावीला नव्वद टक्के मिळवलेली मुलं गांगरतात, हे चित्र बदललेलं नाही. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर २०२१ मध्ये तंत्रशिक्षण परिषदेने प्रादेशिक भाषांतून बी.टेक.ला परवानगी दिली. पहिल्या फेरीत आठ राज्यांतली १४ कॉलेजं पुढे आली. मराठीसाठी पिंपरी-चिंचवड कॉलेज ऑफ इंजिनीअरिंगने कंप्युटर शाखेची तुकडी जाहीर केली. त्याच वर्षापासून जेईई मेनही मराठीसह १३ भाषांत देता येते. भाषांतरासाठी परिषदेने ‘अनुवादिनी’ हे साधन विकसित केलं.

या निर्णयाकडे मराठी की इंग्रजी असा सामना म्हणून पाहणं दोन्ही बाजूंनी चुकीचं आहे. मराठीतून शिकलेल्या अभियंत्यालाही डेटाशीट, मानकं, मॅन्युअल आणि शोधनिबंध इंग्रजीतच वाचायचे आहेत. संकल्पना मराठीत पक्की झाली तर इंग्रजी शिकायला डोकं मोकळं राहतं. पण मग त्या तुकडीला तांत्रिक इंग्रजी इतरांपेक्षा जास्त आणि जास्त काळजीने शिकवावं लागेल. दोन भाषा शेजारी ठेवून शिकवण्याच्या अशा पद्धतीला वेल्समध्ये सेन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये नाव दिलं: एका भाषेत वाचायचं, दुसरीत चर्चा करायची किंवा लिहायचं. आपल्या वर्गांत हे रोज घडतं. सर फळ्यावर इंग्रजीत लिहितात आणि समजावतात मराठी-हिंदीत. ते चोरून, तडजोड म्हणून होतं, एवढाच फरक. इंग्रजी क्लॉज वाचा, तिघांत मराठीत भांडा, मग दोन इंग्रजी वाक्यांत निर्णय लिहा, असं ते उघडपणे आणि ठरवून झालं, तर या तडजोडीचं रूपांतर पद्धतीत होईल.

तर मग दोन विभागांतली ती मोकळी जागा भरायची कशी? बर्मिंगहॅम विद्यापीठात टिम जॉन्स आणि टोनी डडली-इव्हान्स यांनी १९७० च्या दशकाअखेर याचं सरळ उत्तर दिलं. परदेशातून आलेले पदव्युत्तर विद्यार्थी, विषय वाहतूक अभियांत्रिकी. विषयाच्या प्राध्यापकांचं व्याख्यान ध्वनिमुद्रित करायचं. मग प्राध्यापक आणि भाषाशिक्षक दोघांनी मिळून विद्यार्थ्यांबरोबर बसायचं: काय कळलं, काय निसटलं, परीक्षेतला हा प्रश्न नेमकं काय विचारतो. यात एक लाभ अनपेक्षित होता. आपली वाक्यं विद्यार्थ्यांपर्यंत कुठे पोचत नाहीत, हे प्राध्यापकांनाही दिसू लागलं. अमेरिकेत एमआयटीने २००० मध्ये दुसरी वाट घेतली. प्रत्येक विद्यार्थ्याने संवादावर भर असलेले चार विषय करायचे आणि त्यांतले दोन स्वतःच्या मुख्य शाखेतले असले पाहिजेत, असा नियम केला. म्हणजे यंत्र अभियांत्रिकीच्या विषयातच लेखन शिकवलं जातं, तपासलं जातं, पुन्हा लिहायला लावलं जातं. एमआयटीचा पैसा आपल्याकडे नाही, हे खरं. पण ‘शाखेच्या विषयातच लेखन’ या नियमाला इमारत लागत नाही.

लेखनाइतकंच सादरीकरणही. सेमिनारच्या दिवशी तिसऱ्या वर्षाची मुलं पीपीटी वाचून दाखवतात, तेव्हा स्लाइडवर कोणती माहिती कुठे ठेवायची हा भाषेचाच प्रश्न असतो. त्याचं सर्वांत दुःखद उदाहरण २००३ चं आहे. कोलंबिया यान उडाल्यावर ८२ सेकंदांत फोमचा तुकडा डाव्या पंखावर आदळला होता. यान अवकाशात असताना बोइंगच्या अभियंत्यांनी धोक्याचा अंदाज नासाच्या अधिकाऱ्यांपुढे स्लाइडवर मांडला. मथळा दिलासा देणारा होता. सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट अगदी तळाच्या ओळीत होती: ज्या चाचण्यांच्या आधारे हा अंदाज बांधला, त्यांतला तुकडा ३ घनइंचांचा होता आणि प्रत्यक्षात आदळलेला १९२० घनइंचांचा मानला जात होता. म्हणजे ६४० पट. चौकशी मंडळाने माहितीच्या मांडणीचे अभ्यासक एडवर्ड टफ्टी यांचं या स्लाइडचं विश्लेषण आपल्या अहवालात घेतलं आणि ती वाचून जिवावरचं संकट वरिष्ठांच्या ध्यानात न येणं किती सहज शक्य होतं, हे नोंदवलं. १ फेब्रुवारीला यान परतताना भंगलं. सात अंतराळवीरांत चंदीगडच्या पंजाब इंजिनीअरिंग कॉलेजची पदवीधर कल्पना चावला होती. अपघाताची कारणं अनेक होती, पण ही स्लाइड प्रत्येक सेमिनारच्या आधी वर्गात दाखवली पाहिजे आणि मुलांना ती नव्याने मांडायला सांगितली पाहिजे.

नक्कल हा या सगळ्यातला दुखरा भाग. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांनी साम्याच्या टक्केवारीचे टप्पे घालून दिले. दहा टक्क्यांपर्यंत चालतं, पुढे कारवाई. नियम प्रबंधांसाठी होते, पण टक्केवारीची भीती बीईच्या रिपोर्टपर्यंत उतरली. मुलं वाक्य समजून घेण्याऐवजी शब्द बदलणाऱ्या साधनातून मजकूर काढू लागली. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या गियोम काबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छापील शोधनिबंधांतून असे मोडलेले शब्दप्रयोग शोधून काढले: आर्टिफिशियल इंटेलिजन्सच्या जागी ‘काउंटरफिट कॉन्शसनेस’, बिग डेटाच्या जागी ‘कोलोसल इन्फर्मेशन’. संगणकाच्या तपासणीत साम्य शून्य आणि अर्थही शून्य. खरं तर परक्या भाषेत लिहिणारा नवशिका आधी इतरांची वाक्यं थोडी फिरवूनच लिहितो. अमेरिकेतल्या रिबेका हॉवर्ड यांनी नव्वदच्या दशकातच म्हटलं होतं, की हा शिकण्यातला टप्पा मानावा, लगेच गुन्हा मानू नये. त्या टप्प्यावर कुणी हात धरला तर मूल पुढे जातं.

नोव्हेंबर २०२२ नंतर चॅटजीपीटी आलं आणि जर्नलातलं इंग्रजी एका रात्रीत सुधारलं. आता लेखी मजकूर पाहून मुलाला इंग्रजी येतं की नाही हे कळणं अवघड झालं आहे. पण मुलाला आपलाच रिपोर्ट व्हायवाला उलगडून सांगता येतो का, हे एक्सटर्नलसमोर दोन मिनिटांत कळतं. म्हणून गुण लेखी मजकुरावरून हलवून कच्च्या मसुद्यावर, त्यात केलेल्या दुरुस्त्यांवर आणि तोंडी उत्तरावर द्यायला हवेत. त्यासाठी शिक्षकाने मसुदा वाचायला हवा.

आणि इथे खरी अडचण सुरू होते. ती नियमांची नाही. अभियांत्रिकी पदव्यांना परस्पर मान्यता देणाऱ्या वॉशिंग्टन कराराचा भारत २०१४ मध्ये कायम सदस्य झाला. त्या चौकटीत राष्ट्रीय मूल्यांकन मंडळाने ज्या बारा पदवीगुणांवर कॉलेजांची तपासणी केली, त्यांत परिणामकारक संवाद दहाव्या क्रमांकावर होता आणि त्यात अहवाल समजणं व लिहिणं स्पष्ट नमूद होतं. प्रत्येक विषय या गुणांशी १, २, ३ अशा आकड्यांनी जोडून तक्ता भरायचा असतो. तंत्रविषयांच्या लॅबला तिथे संवादाचा आकडा द्यायला कुठलाही नियम आड येत नाही. एका सेमिस्टरला दोन प्रयोगांचे निष्कर्ष मसुदा-दुरुस्ती-पुनर्लेखन असे करून घेतले तरी पुरे. मात्र साठ जणांच्या वर्गाचे दोन निष्कर्ष दोनदा तपासायचे म्हणजे २४० पानं. अनेक कॉलेजांत इंग्रजीचे शिक्षक तासिका तत्त्वावर असतात आणि एकटेच चार-चार तुकड्या सांभाळतात. विषयशिक्षकांच्या वर्कलोडमध्ये व्याख्यानाचे आणि प्रात्यक्षिकाचे तास मोजले जातात, मसुदे तपासण्याचे नाही. इंग्रजी आणि तंत्रविषय अशा दोन शिक्षकांना एकाच प्रात्यक्षिकाचा भार वाटून देता येईल, असा नियम विद्यापीठांच्या अभ्यासमंडळांनी करायला हवा आणि मसुदे तपासण्याचे तास त्या भारात धरायला हवेत.